मगरीचं पोट कुणी बघितलं?

आमच्या पेमाची खोड म्हणजे तो कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करतो. फोंड्याला तिस्कावरच्या गाड्यावर आम्ही मिरच्यांची प्लेट मागवून उभे होतो, हा आला, शाणूच्या प्लेटमधली एक मिरची उचलली आणि म्हणाला, "आणि मग त्या मगरींनी त्याला नाकाने ढकलत ढकलत काठाला नेऊन सोडलं, आता बोला!" कुणाला सोडलं, कुठल्या मगरी, कधी, काही पत्ता नाही. शाणू म्हणाला, "कुणाला, तुझ्या मेव्हण्याला?" तिथून जे पेटलं ते गाडेवाल्याने गॅस बंद करून आमच्या पायांखालून झाडू फिरवेपर्यंत चालू होतं. आठवेल तसं लिहितोय, मागचं पुढे झालं असेल, शिव्या तेवढ्या काढून टाकल्यात.

तर गोष्ट महाडची. सावित्री नदीत मगरी आहेत हे मुंबईला जाणाऱ्या आपल्या लोकांना ऐकून तरी माहीत असतं. तिथे एका कुत्र्याच्या मागे भटक्या कुत्र्यांचं टोळकं लागलं, ते बिचारं जीव वाचवायला नदीत शिरलं आणि शिरलं ते नेमकं तीन मगरींच्या समोर. झालं, संपलं कुत्रं, असंच कुणीही म्हणेल. पण दोन मगरी त्याच्याजवळ आल्या, जबडा उघडला नाही, उलट तोंडाच्या टोकाने त्याला ढोसत ढोसत जिथे ती टपलेली कुत्री नव्हती अशा बाजूच्या काठाकडे नेलं आणि कुत्रं वर चढून गेलं. एका घासाचं काम होतं हो, आणि सोडून दिलं.

"व्हॉट्सॅप," रोहन म्हणाला. रोहन हायर सेकंडरीला बायलॉजी शिकवतो, वयाने आमच्यात सगळ्यात लहान, म्हणून आम्ही त्याला मुद्दाम सर म्हणतो. पण या वेळी पेमा तयारीने आला होता. हे व्हॉट्सॅप नव्हे, 2023 साली जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा नावाच्या शास्त्रीय नियतकालिकात छापून आलंय, लिहिणारे उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर, आणि त्यातले बोरकर गोव्यातल्या नुव्याच्या कार्मेल कॉलेजातले. "म्हणजे आपलाच माणूस!" असं शाणू ओरडला, त्याबरोबर पेमाचा आवाज दोन पट्ट्या चढला. त्याच लेखात दुसरं एक निरीक्षण आहे म्हणे, नदीत लोक झेंडूची फुलं टाकतात ना, पूजेची, क्रियाकर्माची, तर या मगरी त्या फुलांच्या पसाऱ्यात जाऊन पडून राहतात, अंगाला झेंडू लागलेली मगर काठावर ऊन खात बसलेली त्यांनी बघितलीय. झेंडूत जंतू मारणारे गुण असतात, त्याचा कातडीला फायदा होत असेल अशी एक शंका त्यांनी मांडलीय.

"घ्या," शाणू म्हणाला, "आता देवळात पण यायला लागतील."

रोहनने चहा संपवला आणि सुरू झाला. त्याचं म्हणणं सरळ होतं. घटना घडली नाही असं मी म्हणत नाही, लिहिणाऱ्यांनी बघितलं ते बघितलं. पण मगर थंड रक्ताची, तिला स्वतःचं अंग गरम ठेवायला जाळावं लागत नाही, त्यामुळे आपल्यासारखं दोन वेळ जेवण तिला लागत नाही, मोठी मगर कित्येक महिने काही न खाता राहू शकते. म्हणजे बहुतेक वेळा ती भुकेली नसतेच. भुकेली नसलेली मगर समोर आलेल्या वस्तूला नाकाने ढोसून बघते, संपलं. वाचवलं वगैरे आपण मागाहून लावलं.

पेमा म्हणाला, "मग काठाकडे कशी ढोसली? आणि नेमकी दुसऱ्या बाजूच्या?"

रोहन म्हणाला, "नदीत कुठेही ढोसलं तरी कुठला ना कुठला काठ येणारच."

हे उत्तर मला त्या वेळी फार हुशार वाटलं होतं, घरी आल्यावर कमी वाटलं.

आता पेमाचं असं आहे की एका गोष्टीत अडकला की तो दुसरी काढतो, पहिलीपेक्षा मोठी. त्याने बबिया काढला. केरळात कासरगोडजवळ अनंतपूरचं देऊळ आहे, तळ्याच्या मधोमध, त्या तळ्यात बबिया नावाची मगर होती. ती 2022 च्या ऑक्टोबरात गेली तेव्हा वय पंचाहत्तरीच्या आसपास सांगत होते, दर्शनाला माणसांची रीघ लागली, पेपरांत फोटो, टीव्हीवर बातम्या. प्रसिद्धी कशाची, तर ती शिवराक होती. देवळाचा भाताचा प्रसाद खायची आणि तळ्यातल्या माशाला तोंड लावत नसे अशी श्रद्धा. तिच्या आधीच्या मगरीला 1945 साली एका ब्रिटिश सोल्जराने गोळी घातली, तो लगेच साप चावून मेला आणि काही दिवसांत तळ्यात ही नवी मगर आपोआप आली अशी कथा तिथे सांगतात.

शाणू म्हणाला, "पूर्ण शिवराक कशाला, आपल्यासारखी सोमवार-गुरुवार पाळत असेल. बाकीचे दिवस नुस्तं, म्हणजे मासे."

हसलो आम्ही, पण रोहन म्हणाला की विनोद सोड, तू जे बोललास ते खरं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. तळ्यात मासे होते, मगर रात्री पाण्याखाली काय करते हे बघायला पुजारी थोडाच पाण्यात बसतो! नुसत्या भातावर एवढी वर्षं मगर जगणं त्याला पटत नाही. पण, आणि हे त्याने स्वतःहून सांगितलं म्हणून मला तो आवडतो, मगरी झाडपाल्याच्या वाटेला जातच नाहीत हेही खोटं. 2013 साली काही संशोधकांनी जगभरच्या नोंदी गोळा केल्या, मगर-सुसरींच्या 18 जाती तपासल्या, त्यातल्या 13 जाती फळं खाताना नोंदवलेल्या निघाल्या. म्हणजे भाताचा गोळा तोंडासमोर धरला आणि मगरीने गिळला यात चमत्कार काही नाही. चमत्कार फक्त "मासा खात नाही" एवढ्याच वाक्यात आहे आणि तेवढंच वाक्य कुणी तपासलेलं नाही.

"बबिया गेल्यावर वर्षभराने त्याच तळ्यात दुसरी मगर दिसली, तिचं काय?" पेमाने विचारलं.

हे खरं आहे, 2023 च्या नोव्हेंबरात दिसली, पेपरांत आलं होतं. रोहन म्हणाला मगरी रात्री जमिनीवरून चालत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात. पेमा म्हणाला, हो का, आणि नेमक्या देवळाच्या तळ्यात येतात. रोहन गप्प. एक पॉइंट पेमाला.

इतका वेळ भाई काही बोलले नव्हते. भाई रिटायर्ड, दुर्भाटचे, आमच्यात ते एकटेच असे की ज्यांना आम्ही सगळे तुम्ही म्हणतो. ते म्हणाले, मगरीवरून एवढे भांडताय, आमच्याकडे पौष अवसेला काय करतात बघितलंय का कुणी? मी ऐकून होतो पण कधी गेलो नव्हतो. तर मानगे थापणी. नदीकाठच्या खाजन शेतात, म्हणजे बांध घालून भरतीचं पाणी अडवलेल्या शेतात, ओल्या मातीची मगर करतात. खरीखुरी मगर पडलीय असं वाटावं एवढी लांबलचक, मातीला पाण्याचा हात लावून पाठ गुळगुळीत करत नेतात आणि मग तिच्यावर शिंपल्या रोवतात, म्हणजे ती खडबडीत कातडी दिसते ना, तशी. भाई सांगत होते की लहानपणी शिंपल्या गोळा करायचं काम पोरांकडे असायचं आणि एक शिंपली जरी उलटी लागली तरी म्हातारी माणसं हातावर मारायची. मग तिची रीतसर पूजा. मागणं एवढंच की माणसाला, गुराढोराला त्रास देऊ नकोस आणि बांध सांभाळ.

बांधाचं महत्त्व खाजन बघितलेल्याला सांगायला नको. भरतीचं खारं पाणी एकदा आत शिरलं की ते शेत गेलं. आणि आपल्याकडच्या मगरींचं विशेष असं की ही जात खरी गोड्या पाण्याची, पण कुंभारजुव्याच्या कालव्यात भरती-ओहोटीच्या मचूळ पाण्यातसुद्धा ती राहते, खाजनातली माणसं तिथेच कंबरभर पाण्यात काम करतात.

पेमा लगेच, "मग भाई, ती ऐकते ना? तुमचं गाऱ्हाणं?"

भाई म्हणाले, "मातीची ऐकते. पाण्यातलीला मी विचारलं नाही."

मला वाटतं संध्याकाळच्या चर्चेतलं सगळ्यात सरळ वाक्य हेच, पण तेव्हा गाड्यावर भज्यांचा नवा घाणा उतरला आणि कुणाचंच लक्ष राहिलं नाही.

रोहनने मग हान्स घोडा काढला. काढणार हे माहीतच होतं, त्याच्या वर्गातली पोरंही वैतागली असतील. बर्लिनला फॉन ओस्टेन नावाचे रिटायर्ड गणिताचे मास्तर, त्यांनी आपल्या घोड्याला गणित शिकवलं. तीन आणि चार किती विचारलं की घोडा खुराने सात ठोके मारायचा. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, आज तारीख काय, सगळं. 1904 साली जाणकारांची समिती बसली, सर्कशीतले लोकही त्यात होते, त्यांना कसलीही चलाखी सापडली नाही. म्हातारा पैसेसुद्धा घेत नव्हता. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने दोनच गोष्टी केल्या, प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी सोय केली, आणि घोड्याला विचारणारा दिसणार नाही असं केलं. दोन्ही वेळा घोड्याचं गणित बोंबललं. भानगड अशी होती की विचारणारा माणूस ठोके मोजायला किंचित पुढे वाकायचा आणि बरोबर आकडा आला की नकळत त्याची मान केसभर वर व्हायची. घोडा तेवढं बघून थांबायचा.

"म्हणजे नंदीबैलच की रे!" शाणू म्हणाला. "पाऊस पडेल काय रे राजा, गुबुगुबु, मान हलली."

बरोबर, पण फरक आहे आणि तो फरक मला तरी फार भारी वाटतो. नंदीबैलवाल्याला माहीत असतं आपण काय खूण करतोय ते, त्याचा धंदाच तो. ओस्टेन मास्तरांना माहीतच नव्हतं. समितीतल्या कुणाला माहीत नव्हतं. खुद्द फुंग्स्टला सगळं कळल्यावरसुद्धा ती मानेची हालचाल थांबवता येईना. म्हणजे अख्ख्या बर्लिनमध्ये ती हालचाल बघणारा एकच जण होता आणि तो चंदी खात होता. घोड्याला गणित येत नव्हतं हे ऐकून लोक "हात्तिच्या" म्हणतात, पण माणसाला स्वतःला न कळणारं माणसाचं घोड्याला कळत होतं हे गणितापेक्षा कमी आहे का? मी हे बोलून दाखवलं तर पेमा म्हणाला "तेच तर मी मघापासून सांगतोय", जे अजिबात खरं नव्हतं. ओस्टेननी शेवटपर्यंत मान्य केलं नाही, 1909 साली गेले बिचारे.

रोहनकडे याची पुढची आवृत्तीसुद्धा होती. 2011 साली कॅलिफोर्नियात वासाच्या कुत्र्यांवर प्रयोग झाला, पोलिसांकडे ड्रग्ज-स्फोटकं शोधतात तसली कुत्री, 18 जोड्या, म्हणजे कुत्रा आणि त्याचा माणूस. खोल्यांत ठेवलं होतं काहीच नाही, पण माणसांना सांगितलं की ठेवलंय आणि लाल कागद लावलाय तिथे आहे. बहुतेक वेळा "सापडलं" असा इशारा आला आणि तोही लाल कागदाच्या ठिकाणी जास्त. कुत्र्याने नाक वापरलं की मालकाचं तोंड बघितलं, हे शेवटी कुत्र्यालाच माहीत.

इथे पेमाने हुकमाचं पान टाकलं, "पॉल ऑक्टोपस!"

2010 चा वर्ल्डकप ज्याने गोव्यात बघितलाय त्याला पॉल माहीत नाही असं होणारच नाही. घराघरांवर ब्राझीलचे, अर्जेंटिनाचे, पोर्तुगालचे झेंडे, आपला देश कुठेच नाही त्याचं कुणाला काही नाही, आणि जर्मनीत ओबरहाउझेनच्या मत्स्यालयात हा ऑक्टोपस दोन डब्यांतून एक निवडायचा, डब्यावर झेंडा आणि आत शिनाणं. ज्या डब्यातलं आधी खाल्लं तो देश जिंकणार. आठ सामने सांगितले, आठही बरोबर. अर्जेंटिना हरणार म्हणाला, हरली, आणि कशी, चार-शून्य. पेमा तेव्हा अर्जेंटिनाचा होता, घरावर चढवलेला झेंडा त्याने त्याच रात्री उतरवला हे आम्हाला सगळ्यांना आठवतंय, पण विषय काढला की तो म्हणतो पावसाने फाटला म्हणून काढला. सेमीफायनलला पॉलने स्पेन निवडला तर जर्मन लोक त्याला तळून खायला निघाले, स्पेनचे पंतप्रधान गमतीने म्हणाले आम्ही त्याला संरक्षण देतो. माणसाचा ज्योतिषी असता तर एवढं भाग्य नाही.

रोहनने टिशूपेपरवर हिशोब मांडला. नाणं उडवून आठच्या आठ बरोबर यायची शक्यता 256 त एक. "ही काय फार कमी नाही. आपल्या बाजारात 256 जणांना नाणी उडवायला लाव, एखाद्याचं जमूनच जाईल, आणि टीव्हीवाले त्याच्याचकडे जातील, बाकी 255 कडे कोण जातंय?" त्या वर्षी जगभर भाकितं करणारे प्राणी होते. सिंगापूरला मणी नावाचा पोपट होता, आपल्याकडे चिठ्ठी काढून देतात ना तसला, त्याने क्वार्टरफायनलच्या चारही बरोबर सांगितल्या, सेमीफायनलला स्पेन बरोबर सांगितला आणि फायनलला हॉलंड म्हणाला. गेला. आज मणीचं नाव कुणी घेत नाही. आणि पॉलसुद्धा 2008 च्या युरो कपला होता, सहा सामने सांगितले, दोन चुकले, त्यातला एक चक्क फायनल. तेव्हा तो जर्मनीच निवडत होता, आणि जर्मनी जिंकतेच बहुतेक वेळा, यात ऑक्टोपसचं कर्तृत्व काय!

"तुला काही आवडतच नाही," पेमा म्हणाला. त्याचा चेहरा खरंच पडला होता.

शाणूने वातावरण हलकं करायला मुंडकं नसलेला कोंबडा आणला, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना वाटलं हा फेकतोय, तर रोहन म्हणाला ही शंभर टक्के खरी. अमेरिकेत कोलोरॅडोत फ्रुटा गावी 1945 च्या सप्टेंबरात एका शेतकऱ्याने कोंबड्याचं मुंडकं उडवलं आणि कोंबडा 18 महिने जगला. माइक नाव. कुऱ्हाड जरा वर बसली, मेंदूचं मागचं देठ आणि एक कान शाबूत राहिला, श्वास, हृदय, चालणं हे सगळं त्या देठातून चालतं, रक्ताची गाठ बसली म्हणून रक्तस्राव थांबला. ड्रॉपरने अन्ननळीत दूध-पाणी घालायचे, मक्याचे बारीक दाणे टाकायचे आणि घशात साठलेला चिकटा सिरिंजने ओढून काढायचे. तिकीट लावून गावोगाव फिरवला त्याला, 1947 च्या मार्चात फिनिक्सला एका मोटेलात रात्री घुसमटला, आणि सिरिंज नेमकी खेळाच्या ठिकाणी विसरलेली. हे चालू असताना गाड्यावरच्या एका अनोळखी गिऱ्हाईकाने चिकन शागुतीची अर्धी प्लेट तशीच ठेवली आणि पैसे देऊन निघून गेला.

पण माइक ऐकून पेमाला एकदम सुचलं. एरवी त्याला सुचत नाही, त्या दिवशी सुचलं. "सर, कोंबड्याचं तू देठ सांगितलंस, घोड्याचं मान सांगितलीस, ते कुणीतरी तपासून बघितलंय. मान्य. महाडच्या मगरीचं पोट भरलेलं होतं हे कुणी बघितलं?"

रोहन म्हणाला, "तसं असणार."

"असणार नको. कुणी बघितलं?"

रोहनकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर कुणाकडेच नाही. मगरींनी दया केली हे जसं आपण त्यांच्या डोक्यात घातलं, तसं पोट भरलेलं होतं हे आपण त्यांच्या पोटात घातलं, दोन्ही गोष्टी काठावर उभं राहून रचलेल्या. दुसरी ऐकायला शहाणपणाची वाटते एवढंच. मी स्वतः कायम रोहनच्या बाजूचा माणूस, पण या बाबतीत पेमाने त्याला धरला, सरळ कॉलरला धरला.

रोहनने मग प्रामाणिकपणे मगरींचीच एक दुसरी भानगड सांगितली. 2013 साली व्लादिमिर डिनेट्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की मगरी थूथनावर काटक्या ठेवून पाण्यात निपचित पडतात, मद्रासच्या मगर पार्कात आपलीच जात तसं करताना दिसली, अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरही. बगळ्यांचा घरटी बांधायचा सीझन असतो, त्यांना काटक्या हव्या असतात, बगळा काटकी उचलायला आला की खल्लास. खरं असेल तर मगर हत्यार वापरते असं म्हणावं लागेल, आणि तेही कॅलेंडर बघून. पुढे यावर वाद झाला, पाण्यात काटक्या असतातच, थूथनावर येऊन अडकल्या तर मगरीने ठेवल्या कशावरून? "म्हणजे बघ," रोहन म्हणाला, "दुष्टपणा केला म्हटलं तरी मी पुरावा मागतो, नुसत्या चांगुलपणाला नाही." हे बरं बोलला.

भाई म्हणाले, कावळ्याला तरी सोडा, पितृपक्षात त्यालाच विचारावं लागतं. यावर मात्र रोहन अक्षरशः उड्या मारायला लागला, कारण कावळ्याचं पक्कं तपासलेलं आहे. सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी 2006 साली आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून सात कावळे पकडले, पायात कडी घालून सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कुणीही कॅम्पसवर फिरलं की कावळे डोक्यावर येऊन शिव्या द्यायचे. माणूस बदलला, कपडे बदलले, मुखवटा उलटा घातला, तरी. तुलनेला दुसरा मुखवटा होता तो डिक चेनीचा, तेव्हाचे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष, त्याला कावळे काही म्हणत नव्हते. पुढच्या काही वर्षांत शिव्या देणारे कावळे वाढत गेले, ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेही देऊ लागले, म्हणजे एकमेकांचं बघून शिकले. शाणूला आदिमानवापेक्षा चेनीचंच जास्त आवडलं, अख्ख्या अमेरिकेत त्याला शिव्या न देणारे तेवढेच निघाले असतील म्हणे.

भाईंनी शांतपणे विचारलं, "मग दहाव्याला पिंड शिवत नाही तेव्हा तो भटजीला ओळखत असेल काय?"

याचं उत्तर विज्ञानात नाही.

शेवटी शेवटी, गॅस बंद झाल्यावर, रोहनने मांजराची गोष्ट सांगितली आणि ती कुणीच खोडली नाही. मिशिगनचे एक भौतिकशास्त्रज्ञ, जॅक हेदरिंग्टन, यांनी 1975 साली एकट्याने पेपर लिहिला, पण लिहिताना सगळीकडे "आम्ही" लिहून बसले. एकट्याच्या पेपरात फिजिकल रिव्ह्यू लेटर्सला ते चालत नाही असं सहकाऱ्याने सांगितलं. टाइपरायटरचे दिवस, सगळं परत टाइप करायचं जिवावर आलं, म्हणून त्यांनी घरच्या सयामी बोक्याला सहलेखक केलं. बोक्याचं नाव चेस्टर, त्याच्या बापाचं नाव विलार्ड, पुढे फेलिस डोमेस्टिकस लावलं, झालं एफ. डी. सी. विलार्ड. हीलियमच्या अणूंवरचा पेपर रीतसर छापून आला. नंतर काही प्रतींवर दोन सह्या होत्या, एक हेदरिंग्टनची आणि दुसरी पंजाचा ठसा. 1980 ला तर विलार्डच्या एकट्याच्या नावावर फ्रेंच मासिकात लेख आला. शाणूने विचारलं, "पगार कोण घ्यायचा?" रोहन म्हणाला बोका, दुधाच्या रूपात.

दुसऱ्या दिवशी पहाटे ग्रुपवर पेमाचा व्हिडिओ. पूर आलेल्या नदीत एक मगर, तिच्या पाठीवर बसलेलं हरणाचं पाडस, मगर त्याला काठाला आणून सोडते, मागे सनई. खाली पेमाने लिहिलं होतं, "आता पोट दिसतंय काय बघ." रोहनने सात वाजता, म्हणजे त्याला शाळेला जायची घाई असताना, तो व्हिडिओ थांबवून मगरीच्या पायाचा फोटो काढला, झूम केला, वर लाल गोल केला आणि लिहिलं की मगरीला पुढच्या पायांना पाच बोटं असतात आणि मागच्या पायांना चार, या मगरीला मागेही पाच आहेत, हे कॉम्प्युटरने बनवलंय.

पेमाने उत्तर दिलं, "एक बोट जास्त म्हणून काय झालं, आमच्या कुर्टीच्या मामाला सहा आहेत, तो काय कॉम्प्युटरने बनवलाय?"